पासवर्ड बरोबर आहे, तरी मेल लॉगिन का होत नाही?

कॉलेजचा मेल फोनमध्ये सेट केलेला असतो आणि एक दिवस तो अचानक उघडत नाही. पासवर्ड तर पाठ आहे. मग आपण काय करतो? तोच पुन्हा टाकतो. परत टाकतो. मित्रांनो, गाडी इथेच जास्त रुतते.

मी एका कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये काम करतो. अशा बऱ्याच सर्व्हरवर 'फेल-टू-बॅन' नावाचा राखणदार प्रोग्राम असतो. तो लॉग वाचत बसतो. त्याची मूळ सेटिंग अशी, की १० मिनिटांत एकाच आयपीवरून ५ वेळा लॉगिन फसलं की तो आयपी १० मिनिटं बंद. काही ॲडमिन ही वेळ बरीच वाढवून ठेवतात.

आता गंमत बघा. बंदी तुमच्या खात्यावर नसते, आयपीवर असते. आणि हॉस्टेलच्या वाय-फायवर सगळ्यांचा बाहेर दिसणारा आयपी बहुतेक वेळा एकच! आमच्याकडे एकदा तक्रार आली, की अख्ख्या हॉस्टेलचा मेल बंद आहे. एका मुलीला त्याच संध्याकाळी इंटरव्ह्यूची लिंक येणार होती. लॉग उघडला तर एकच खातं मिनिटामिनिटाला फसत होतं. एकाने पासवर्ड बदलला होता, पण कपाटातला त्याचा जुना फोन वाय-फायला जोडलेलाच होता आणि इमानेइतबारे जुना पासवर्ड पाठवत होता. आम्ही आयपी मोकळा केला, की थोड्या वेळात पुन्हा बंद. तो फोन सापडेपर्यंत हेच चाललं. त्या मुलीला तोवर मोबाइल डेटावर मेल उघडायला सांगितलं, लिंक मिळाली.

म्हणून आधी स्क्रीनवरचा मेसेज नीट वाचा. 'पासवर्ड चुकीचा' असं आलं, तर सर्व्हर तुमच्याशी बोलतोय. 'सर्व्हरशी कनेक्ट होता येत नाही' असं आलं, तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. तिथे चाललं, तर आयपी अडकलाय असं समजायला हरकत नाही. पासवर्ड बदलू नका, उगाच नवा घोळ होईल. जुना फोन, टॅब, लॅपटॉप शोधा आणि तिथलं खातं काढा.

जीमेलचं प्रकरण वेगळं आहे. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी ॲप्स बंद करायला घेतली. तिथे 'साइन इन विथ गूगल' वापरा. ॲपमध्ये ती सोयच नसेल, तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड बनवा. मुख्य पासवर्ड बदलला की हा रद्द होतो, नवा बनवावा लागतो.

एवढं करून जमलं नाही, तर ॲडमिनला 'मेल चालत नाही' एवढंच लिहू नका. मेल आयडी, नेमकी वेळ, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि त्याच वाय-फायवर असताना दिसणारा पब्लिक आयपी पाठवा. आम्हाला लॉगमध्ये ती ओळ लगेच सापडते. पासवर्ड मात्र पाठवू नका, ॲडमिनला तो लागतच नाही.