शॅम्पूचा फेस आणि लोकरीची लडी

शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झाले की घराघरात धावपळ सुरू होते. थर्मोकोल आणले जाते, बाजारात तयार मिळणारा ज्वालामुखी विकत घेतला जातो आणि मूल परीक्षकांपुढे पाठ केलेली चार वाक्ये म्हणून मोकळे होते. यात पैसा जातो आणि तालीम काहीच होत नाही. त्यापेक्षा दुकानातल्या तराजूवर होईल असा एक प्रयोग येथे सुचवीत आहे. प्रश्न असा की, जास्त फेस देणारा, दाट किंवा महाग शॅम्पू खरोखरच जास्त तेल काढतो काय?

डोक्यावर हे तपासता येत नाही, कारण डोके एक आणि शॅम्पू अनेक. म्हणून लोकर घ्यावी. लोकर व केस दोन्ही केराटिन या एकाच जातीच्या प्रथिनाचे असतात. मात्र बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे विणकामाचे सूत पुष्कळदा ॲक्रिलिक निघते. वडीलधाऱ्यांनी एक धागा जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो व राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिकचा कडक काळा मणी होतो.

अशा सुताच्या १०-१० ग्रॅमच्या सहा लड्या कराव्यात. गिरणीचे तेल निघावे म्हणून सर्व एकदा धुऊन वाळवाव्यात व सोनाराच्या काट्यावर तोलाव्यात. किराण्याचा काटा येथे चालणार नाही. मग पाच लड्यांना प्रत्येकी १ ग्रॅम खोबरेल तेल चोळावे; सहावी कोरीच ठेवावी. प्रत्येक लडीसाठी अर्धा लिटर कोमट पाणी. पहिली नुसत्या पाण्यात, दुसरी अंगाच्या साबणाचा ५ ग्रॅम कीस विरघळवून, तिसरी व चौथी स्वस्त आणि महाग शॅम्पूच्या ५-५ मिलिलिटरमध्ये, पाचवी रात्रभर भिजविलेल्या ५ ग्रॅम रिठ्याच्या टरफलांच्या पाण्यात धुवावी. सहावीही नुसत्या पाण्यातून काढावी. सर्वांना मोजून वीस वेळा दाबावे, दोनदा स्वच्छ पाणी द्यावे व एकाच दोरीवर सावलीत दोन दिवस वाळवावे. पिळून पीळ देऊ नये, लोकर आटते.

आता सहाव्या लडीचे काम. लोकर हवेतील ओल शोषते, आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल घेऊनही ती हाताला कोरडीच लागते. पावसाळ्यात लोकर तोलून घेणाऱ्या व्यापाऱ्याला ही गोष्ट खिशावरून कळते! म्हणून कोऱ्या लडीचे वजन जितके वाढले वा घटले असेल, तितका फरक बाकीच्यांच्या हिशेबातून वजा करावा. उरलेले जास्तीचे वजन म्हणजे लडीत राहिलेले तेल. सर्व प्रयोग तीनदा करावा आणि मनासारखा न आलेला आकडाही तक्त्यावर लिहावा. परीक्षक चांगला असेल तर तो आधी तोच विचारील.

सोबत छोटे प्रयोग ठेवता येतील. एकसारख्या बाटल्यांत १०० मिलिलिटर पाणी व १ मिलिलिटर शॅम्पू घालून दहा वेळा हलवावे व फेसाची उंची पट्टीने मोजावी. मग प्रत्येकीत खोबरेलाचे चार थेंब टाकून पुन्हा हलवावे. तेल फेस मारते. तेलकट डोक्याला पहिल्या धुण्यात फेस का येत नाही याचे उत्तर येथे मिळते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा साका जमतो, शॅम्पूचा जमत नाही. हळदीने रंगविलेला कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, शॅम्पूच्या पाण्यात बहुधा पिवळाच राहतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. शाल सोड्यात धुऊ नये असे आपण गिऱ्हाइकाला सांगतो, त्याचे कारणही हेच. अल्क केराटिन कमजोर करते.

दाटपणाची गोष्ट तर अधिक मजेदार आहे. पुष्कळ शॅम्पूंना दाटपणा साध्या मिठाने आणलेला असतो. पातळ शॅम्पूत चिमूट चिमूट मीठ विरघळवीत गेल्यास तो आधी दाट होतो आणि प्रमाण ओलांडले की पुन्हा पातळ होतो. सुट्या कॅनमधून माल घेणाऱ्यांनी हा प्रयोग स्वतःही करून पाहावा.

‘शॅम्पू’ हा शब्द हिंदीतील चाँपना, म्हणजे दाबणे, यावरून इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे हमाम चालवून ही चंपी तेथे प्रसिद्ध केली. त्या वेळी तिचा अर्थ मालिश एवढाच होता. तक्त्याच्या कोपऱ्यात एवढी माहिती शोभेल.

शेवटचा रकाना दराचा ठेवावा. पुडी व बाटली यांवरील छापील किंमत व माप पाहून एका रुपयात किती मिलिलिटर मिळते ते काढावे, आणि एका रुपयात किती तेल निघाले तेही. कापडात ठोक माल स्वस्त पडतो. शॅम्पूत पुष्कळदा पुडीच स्वस्त पडते.

प्रयोग जमला म्हणून कोणी घरी शॅम्पू करून विकण्याचा विचार करील, तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम यांनुसार त्यासाठी परवाना लागतो. आपल्या राज्यात त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करावी.