गाडीचा सेल्फ आणि धंद्याचं गणित

आजचा विषय गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर. तुम्ही म्हणाल, सर, हे गॅरेजवाल्याचं काम, आम्हाला कशाला? पण ज्याचा माल गाडीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा सरळ सरळ धंद्याचा विषय आहे.

समजा, तुमचा दुधाचा पुरवठा आहे. पहाटे ५ वाजता टेम्पो निघायला हवा आणि चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ वाजलं. भाड्याची गाडी २,५०० रुपये, दोन माणसांची बसून हजेरी १,२०० रुपये, परत आलेल्या मालाचं नुकसान १,५०० रुपये. झाले ५,२०० रुपये. आणि यात दुरुस्ती धरलेलीच नाही! शिवाय ज्या हॉटेलवाल्याला दूध मिळालं नाही, तो उद्या दुसऱ्याला फोन करणार. तो तोटा कुठल्या वहीत लिहाल?

आधी आवाज ओळखा

सेल्फ काय करतो? बॅटरीतून शंभराच्या वर अँपिअर करंट खेचतो आणि इंजिनला पहिला फेरा देतो. त्यामुळे बॅटरी, वायर आणि मोटर, तिघांपैकी कुणीही रुसलं की गाडी उठत नाही.

- भराभर ‘टिक-टिक-टिक’: बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.
- एकच ‘टक्’ आणि शांतता: सोलेनॉइड, कार्बन ब्रश किंवा अडकलेली मोटर. बॅटरीची जोडणीही तपासा.
- मोटर घरघरते, पण इंजिन फिरत नाही: बेंडिक्स घसरतोय.
- दातावर दात घासल्यासारखा कर्कश आवाज: बेंडिक्स किंवा फ्लायव्हीलचे दाते. हे अंगावर काढू नका. फ्लायव्हीलचे दाते गेले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

एक सोपी चाचणी सांगतो. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम विझायला आले तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. लाइट तसेच लख्ख आणि गाडी गप्प, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरिंगवर. यातून पक्का निकाल लागत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

मल्टिमीटर असेल तर आणखी चांगलं. गाडी काही तास उभी असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जायला नको. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल, तर बॅटरी नीट चार्ज होत नाहीये. मग नवीन सेल्फ टाकूनही तुम्ही आठवड्यात पुन्हा तिथेच!

आणि हो, सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मोटर तापते. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

“सेल्फ गेलाय, नवीन टाकू?” असं विचारल्यावर लगेच मान डोलवू नका. पर्याय तीन आहेत. ब्रश, बुश, बेंडिक्स किंवा सोलेनॉइड एवढंच गेलं असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढंच बदलून देतो. हे सगळ्यात स्वस्त. आर्मेचर जळलं असेल, तर दुरुस्त केलेला तयार सेल्फ किंवा नवीन, हे दोन पर्याय उरतात. गाडी अजून पाच वर्षं वापरायची की सहा महिन्यांत विकायची, यावर निर्णय घ्या.

मग हे चार प्रश्न विचारा:

१. नेमकं काय गेलंय? मोटर बाहेर काढून दाखवाल का?
२. काढण्या-बसवण्याची मजुरी किती, आणि पार्टचे किती? काही गाड्यांत सेल्फ हाताशी असतो, काहींत बरंच खोलावं लागतं. मजुरीतला फरक तिथूनच येतो.
३. जुना पार्ट परत मिळेल का?
४. गॅरंटी किती दिवसांची? बिलावर लिहून द्या.

हे विचारणं म्हणजे अविश्वास नाही. चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतंच. आणि तुम्ही स्वतः गॅरेज चालवत असाल, तर हीच चार उत्तरं न विचारता द्या. गिऱ्हाईक दर विसरतं, पण तुम्ही अंधारात ठेवलं नाही, हे विसरत नाही.

पक्कं बिल घ्याच. जीएसटी नोंदणी असेल आणि गाडी मालवाहतुकीची असेल, तर दुरुस्तीवरच्या जीएसटीचं क्रेडिट नियमांनुसार मिळू शकतं. साध्या प्रवासी कारच्या दुरुस्तीवर ते सहसा मिळत नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या.

दुरुस्तीचा गल्ला

आता मुख्य मुद्दा. डिझेलचे पैसे आपण रोज काढतो, दुरुस्तीचे कधीच नाही. म्हणून दुरुस्ती आली की ती ‘संकट’ वाटते. गाडी रोज ८० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस चालते असं धरा, म्हणजे २,००० किलोमीटर. किलोमीटरमागे दीड रुपया बाजूला टाकला, तर महिन्याला ३,००० रुपये जमतात. तुमच्या गाडीचा खरा आकडा गेल्या वर्षीच्या बिलांवरून काढा आणि तो मालाच्या दरात धरा. नाहीतर दर महिन्याला जो नफा दिसतोय, त्यातला काही भाग गाडीचाच आहे.

सेल्फ सहसा एका रात्रीत जात नाही. आधी एखाद्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला लागतो, गरम इंजिनवर कुरकुरतो. ड्रायव्हरला हे सगळ्यात आधी कळतं. पण मालक ओरडेल म्हणून तो बोलत नाही आणि धक्का मारून वेळ मारून नेतो. तर आज संध्याकाळी एवढंच करा, त्याला शांतपणे विचारा, “दादा, गाडी सकाळी पहिल्या सेल्फला उठते ना?”

उत्तर द्यायला तो जरा थांबला, तर उद्याच इलेक्ट्रिशियनकडे गाडी दाखवा.