मागचा अ‍ॅक्सल कोण धरतो?

१९३२च्या फोर्डमध्ये मागच्या बाजूला एकच आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) असे. गाडीचं वजन तो पेलायचा. पण चाकांचा पुढे ढकलणारा जोर गाडीपर्यंत पोचवायची टॉर्क ट्यूब, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची जाड नळी. जुन्या फोर्डचा हॉट रॉड करताना ताकदवान इंजिन आणि उघडा शाफ्ट बसवला की ही नळी जाते. मग अ‍ॅक्सलला धरणारं काही उरत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच तो स्वतःभोवती फिरायला बघतो.

म्हणून अ‍ॅक्सल चेसीला जोडणारे पोलादी नळ्यांचे चार दांडे घडवायचे: टोकांना आटे आणि बुश, दोन वर, दोन खाली. अ‍ॅक्सल बाजूला सरकू नये म्हणून पाचवा, पॅनहार्ड रॉड. तो चेसीवरच्या टोकाभोवती कंसात फिरतो, त्यामुळे चाकं वरखाली होताना अ‍ॅक्सल किंचित बाजूला जातोच. दांडा शक्य तितका लांब आणि गाडी उभी असताना आडवा ठेवला, की हे सरकणं अगदी थोडं उरतं. या कामातली सर्वांत सुंदर भूमिती मला हीच वाटते.

दांड्यांची ब्रॅकेट अ‍ॅक्सलला वेल्ड करायची घाई मात्र करू नका. आधी फक्त टाके मारा, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर येऊ द्या, मापं पुन्हा घ्या. एकाच जागी सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेनं अ‍ॅक्सलची नळी वाकते.