द्विध्रुवी विकार : रुग्णासोबत आलेल्यांची परीक्षा

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा तरुण ‘झोप येत नाही’ म्हणून वैद्याकडे येतो, तेव्हा त्याला घेऊन येणारी बहुधा आई किंवा पत्नी असते. चार रात्री झोप नाही, तरी थकवा नाही. बोलणे अखंड, उसनवारीवर खरेदी. असा इतिहास मिळाल्यास द्विध्रुवी विकाराची शंका घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविणे हे कर्तव्यच होय. परंतु सोबत आलेल्या व्यक्तीची विचारपूस क्वचितच होते.

चरकसंहितेने उन्मादाच्या व्याख्येत मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. (आजच्या मराठीत ‘उन्माद’ शब्द केवळ चढत्या अवस्थेसाठी रूढ झाला, हे ध्यानी ठेवावे.) यांपैकी शील आणि आचार बिघडल्याचे पहिले साक्षीदार घरचेच असतात.

घरावरील हा भार अंकांत मांडण्याची उत्तम सोय आपल्याच देशात झाली. बंगळूर येथे पै व कपूर यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या मुलाखत-पद्धतीत २४ मुद्दे आहेत. पैशाची ओढाताण, दैनंदिन व्यवहारातील व्यत्यय, विरंगुळा, परस्परसंबंध, इतरांचे शारीरिक व मानसिक आरोग्य अशा सहा विभागांत ते विभागले असून प्रत्येकास ० ते २ गुण दिले जातात. प्रश्न तोंडी विचारावयाचे असल्याने निरक्षर नातेवाइकांनाही अडचण येत नाही. स्मिल्कस्टीन यांची १९७८ ची पाच प्रश्नांची पद्धती याहून सुटसुटीत. ती घरातील आधाराविषयी समाधान मोजते. गर्दीच्या चिकित्सालयात तीच सोयीची.

मात्र बेरजेवर विसंबू नये. दोन खोल्यांच्या घरात सासूसमोर सुनेला विचारले, तर उत्तर ‘सगळे ठीक आहे’ असेच येणार. प्रत्येकीस स्वतंत्र विचारावे. दोघींच्या गुणांत मोठी तफावत आढळली, तर ती एकूण बेरजेपेक्षा अधिक बोलकी समजावी.

या मोजमापाला चिकित्सेत स्थान का द्यावे? मिक्लोविट्झ व सहकाऱ्यांच्या १९८८ च्या अभ्यासात, ज्या घरांत सतत टीका आणि तणाव होता, तेथील द्विध्रुवी रुग्णांत विकार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. घरच्यांस दोष देण्यासाठी हा निष्कर्ष वापरणे अन्यायाचे ठरेल. थकलेला माणूसच बहुधा टोचून बोलतो.

पथ्य सांगतानाही घरच्यांना सोबत बसवावे. लिथियम चालू असलेल्या रुग्णास मीठ एकाएकी वर्ज्य करू नये. रक्तातील लिथियम वाढून विषलक्षणे उद्भवू शकतात. स्वयंपाक जिच्या हाती, तिला हे ठाऊक हवे. तीन महिन्यांनी त्याच व्यक्तीस तेच प्रश्न पुन्हा विचारावेत आणि गुण रुग्णपत्रिकेत तारखेसह नोंदवावेत.