धूम्रसूचक व अग्निसुरक्षा साधने : बिघाड व दोषनिवारण

इमारतीत आग लागल्याची वर्दी माणसाच्या आधी देणारी उपकरणे म्हणजे धूम्रसूचक व उष्णतासूचक होत. ती आग लहान असतानाच आटोक्यात आणण्यासाठी अग्निशामक, पाण्याचे नळ, रबरी नळ्या आणि फवारे यांची योजना केलेली असते. ही सर्व साधने वर्षानुवर्षे काहीही काम न करता भिंतीवर वा छतावर राहतात आणि एखाद्या रात्री काही मिनिटांपुरतीच उपयोगी पडावयाची असतात. पंखा किंवा विहिरीवरचा पंप बिघडला, तर ते त्याच दिवशी कळते. धूम्रसूचक बिघडला, तर तो चांगल्या धूम्रसूचकासारखाच गप्प असतो. म्हणून या साधनांच्या बाबतीत दोष दुरुस्त करण्यापेक्षा दोष आहे हे ओळखणे अधिक कठीण असते.

शहरात अग्निशमन दलाची गाडी थोड्या वेळात पोहोचू शकते, त्यामुळे इमारतीतील साधनांचे दोष काही अंशी झाकले जातात. दुर्गम भागात तसे होत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील (१९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला) एटापल्ली तालुका हे याचे चांगले उदाहरण होय. घनदाट जंगलाने वेढलेल्या या तालुक्यात ग्रामीण रुग्णालय, आश्रमशाळा, वसतिगृहे, शासकीय कचेऱ्या अशा इमारती आहेत. आष्टी–आलापल्ली मार्गाने जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किमी. दूर पडते. पावसाळ्यात नद्या-नाल्यांना पूर येऊन रस्ते बंद होतात. शेजारच्या भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुराने तुटल्याचे प्रसंग अनेक वर्षी आले आहेत. अशा ठिकाणी आग लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे होईल, ते इमारतीतील साधनांनी व तेथील माणसांनीच करावयाचे असते.

वेळेवर वर्दी न मिळाल्याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. परिचारिकेने दार उघडले तेव्हा कक्ष धुराने भरलेला होता. तेथील १७ अर्भकांपैकी ७ वाचविता आली, १० दगावली. या घटनेनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश देण्यात आले. तरीही त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्याच दिवशी ११ रुग्ण मृत्यू पावले. बंद कक्षातील आगीत ज्वालांपेक्षा धूर व कार्बन मोनॉक्साइड हेच आधी प्राण घेतात. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल, हा समज भरवशाचा नाही.

सूचकांचे कार्य : दोष शोधण्यासाठी उपकरणाचे कार्य थोडक्यात माहीत असणे आवश्यक आहे. आयनीकरण प्रकारच्या सूचकात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या आल्फा कणांमुळे लहानशा कोठीतील हवेचे आयनीकरण होऊन दोन पट्ट्यांमध्ये सूक्ष्म विद्युत् प्रवाह वाहतो. धुराचे कण आत शिरून आयनांना चिकटले की हा प्रवाह घटतो आणि वर्दी दिली जाते. १९३० नंतरच्या दशकात वॉल्टर येगर हे स्विस भौतिकीविज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण तयार करीत असता, ते उपकरण वायूला नव्हे तर सिगारेटच्या धुराला प्रतिसाद देते असे त्यांना आढळले. या प्रकाराचा उगम त्यात आहे. प्रकाशीय सूचकात काळ्या कोठीमध्ये अवरक्त प्रकाशाचा स्रोत व प्रकाशग्राही घटक असे बसवितात, की एरवी प्रकाश ग्राहकावर पडत नाही. धुराच्या कणांमुळे प्रकाशाचे प्रकीर्णन झाले की तो पडतो. भडकून पेटणारी आग पहिला प्रकार लवकर ओळखतो, तर गादी, कापूस किंवा वायरींचे आवरण यांची धुमसती आग दुसरा. झोपण्याच्या जागी व रुग्णकक्षात प्रकाशीय प्रकार अधिक उपयुक्त ठरतो. उष्णतासूचक ठराविक तापमानास (सामान्यतः सु. ५७° ते ६०° से.) किंवा तापमान झपाट्याने वाढू लागल्यास वर्दी देतो, तो धुराला प्रतिसाद देत नाही. [⟶ अग्निशमन].

खोटी वर्दी : धुराशिवाय भोंगा वाजणे हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत घातक दोष म्हणावा लागेल, घातक अशासाठी की तीन-चार वेळा झोपमोड झाल्यावर कोणीतरी तो विभाग पॅनेलवरून बंद करतो आणि पुन्हा चालू करावयाचे राहून जाते. अशा बंद केलेल्या विभागाचा पिवळा दिवा पॅनेलवर लागलेला असतो, परंतु तो रोजचाच झाल्यावर नजरेत येत नाही. खोट्या वर्दीचे कारण बहुधा साधे असते. कोठीत साठलेली धूळ व कोळिष्टके प्रकाशाचे प्रकीर्णन धुराप्रमाणेच करतात; लहान किडे दिव्याच्या उजेडाने छताकडे येऊन जाळीतून आत शिरतात. पावसाळ्यात कोठीत दमट हवेचे बाष्प धरते. उपाय म्हणजे सूचक उतरवून मऊ ब्रशने व हवा ओढणाऱ्या यंत्राने साफ करणे, कोरडा करणे आणि जाळी फाटलेली असल्यास बदलणे.

एटापल्लीसारख्या भागात याखेरीज स्थानिक कारणे लक्षात घ्यावी लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो. वणव्यांचा धूरही त्याच सुमारास असतो. उघड्या खिडक्यांतून तो इमारतीत येतो. मलेरियाचा प्रादुर्भाव असल्यामुळे गावागावांत कीटकनाशकाची फवारणी व धूरफवारणी केली जाते. ती चालू असता सूचकांवर टोप्या घालाव्या लागतात आणि काम संपताच त्या काढाव्या लागतात. टोप्या काढावयाच्या राहिल्यास सूचक आंधळा होतो. नव्या इमारतीत तर कारखान्यातून आलेली प्लॅस्टिकची टोपी रंगकाम संपल्यावरही तशीच राहिलेली आढळते. रंगाऱ्याने सूचकावरूनही हात फिरविला असेल, तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात चुलीचा धूर असतो, म्हणून तेथे धूम्रसूचक न बसविता उष्णतासूचक बसविणे इष्ट असते.

पत्र्याच्या छपराखाली निराळीच अडचण येते. उन्हाळ्यात भर दुपारी पत्र्यालगतची हवा इतकी तापते की आगीचा थंड होत आलेला धूर त्या थरापर्यंत न चढता खालीच पसरतो आणि छताला लावलेल्या सूचकाला त्याचा पत्ता लागत नाही. याउलट साधा उष्णतासूचक त्याच उष्णतेने आग नसताना वाजू शकतो. अशा ठिकाणी पत्र्याखाली आडवे छत घालून त्यावर सूचक बसविणे चांगले. ते शक्य नसल्यास धूम्रसूचक पत्र्यापासून काही अंतर खाली घ्यावा व उष्णतासूचक वरच्या तापमान-श्रेणीचा निवडावा.

गप्प राहणारा सूचक : घरगुती वापराचा, स्वतःची बॅटरी असलेला सूचक बॅटरी उतरू लागली की सु. मिनिटागणिक एकदा ‘चिक्’ असा आवाज करतो. अनेकजण हा आवाज म्हणजे उपकरण बिघडल्याची खूण समजून बॅटरीच काढून ठेवतात. नवी बॅटरी घालूनही आवाज थांबत नसेल, तर सूचकावरील उत्पादनाचे वर्ष पाहावे; दहा वर्षांनंतर सबंध सूचकच बदलतात. अमेरिसियमचा अर्धायुकाल ४३० वर्षांहून अधिक असल्यामुळे ते संपल्याने सूचक निकामी होत नाही. जुने होतात ते धूळ बसलेली कोठी व इलेक्ट्रॉनीय भाग. आयनीकरण प्रकारचे टाकाऊ सूचक कचऱ्यात न टाकता पुरवठादाराकडे परत द्यावेत.

चाचणीचे बटन दाबल्यावर भोंगा वाजला म्हणजे सूचक ठीक आहे, असे सरसकट मानता येत नाही. बऱ्याच उपकरणांत बटनाने विद्युत् मंडल व भोंगा एवढेच तपासले जातात. धूर आत शिरतो की नाही, हे त्याने कळत नाही. त्यासाठी चाचणीकरिता मिळणारा फवारा वापरतात. उदबत्ती धरण्याची प्रथा आहे. परंतु तिच्या धुरातील तेलकट अंश कोठीत चिकटून राहतो आणि पुढे तोच खोट्या वर्दीचे कारण होतो.

पॅनेल, तारा व बॅटरी : मोठ्या इमारतीत सूचक दोन तारांच्या मंडलावर बसवून ते पॅनेलला जोडतात. मंडलाच्या अखेरीस एक रोधक असतो व त्यातून सतत थोडा प्रवाह वाहतो. तार तुटली की प्रवाह थांबतो आणि पॅनेल ‘बिघाड’ दाखविते. सूचकाने धूर ओळखला की त्याचा रोध घटून प्रवाह वाढतो आणि पॅनेल ‘आग’ दाखविते. तुटलेली जागा शोधण्याची सोपी रीत अशी : मंडल मध्यावर सोडवून तेथे तात्पुरता रोधक लावावा. बिघाड नाहीसा झाल्यास दोष पलीकडच्या अर्ध्या भागात, न झाल्यास अलीकडच्या भागात असतो. याप्रमाणे निम्मे-निम्मे करीत गेल्यास शेकडो मीटर तारेतील दोषही थोड्या वेळात सापडतो. बहुधा तो जोडावरच, किंवा छताच्या पोकळीत उंदरांनी कुरतडलेल्या जागी असतो. काही वेळा बिघाडाचा दिवा घालविण्यासाठी अखेरचा रोधक पॅनेलमध्येच जोडून टाकलेला आढळतो. दिवा जातो हे खरे, पण त्यानंतर बाहेरची सर्व तार तुटली तरी पॅनेलला ते कळत नाही. ही लबाडी ओळखण्यासाठी मंडलातील शेवटचा सूचक बैठकीतून काढून पाहावा. बिघाड दिसला नाही, तर मंडलावर पॅनेलची देखरेख नाही, असे समजावे.

पावसाळ्यात येणारा व उन्हात नाहीसा होणारा बिघाड हा बहुतेक वेळा ओलीमुळे तार जमिनीशी जोडली गेल्याचा असतो. निरोधन मोजण्यासाठी मेगर वापरताना सूचक व पॅनेल आधी सोडविले नाहीत, तर त्याच्या उच्च दाबाने ते जळतात. वळवाच्या विजांपासून संरक्षणासाठी अर्थिंगची तपासणी उन्हाळ्यात करावी, कारण तेव्हा खड्ड्यातील माती कोरडी पडून तिचा रोध वाढलेला असतो.

पॅनेलमध्ये १२ व्होल्टच्या दोन बंद शिसे-अम्ल बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट मिळवितात. त्यांचे आयुष्य सामान्यतः तीन ते पाच वर्षे असते. तापमान दर १०° से. वाढल्यास ते सु. निम्म्याने घटते, असा ढोबळ नियम आहे. विदर्भातील उन्हाळा आणि जंगलभागात वारंवार खंडित होणारा वीजपुरवठा हे दोन्ही त्यांना मारक आहेत. वीज चालू असताना मोजलेला दाब हा चार्जरचा असतो, बॅटरीचा नव्हे. म्हणून मुख्य पुरवठा बंद करून, भोंगे वाजत असताना दाब मोजावा. तो भराभर उतरू लागल्यास दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलाव्यात.

अग्निशामक : कोरड्या पुडीच्या अग्निशामकावरील दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. दमट हवेत पुडीचा गोळा होतो. तेव्हा दाब असूनही नळीतून नुसता वायू बाहेर पडतो. अग्निशामक उलटा करून पुडी आत सरकते की नाही, हे हाताला जाणवते. काटा अडकलेलाही असू शकतो, म्हणून मापकावर हलकेच टिचकी मारून पाहतात. कार्बन डाय-ऑक्साइडच्या अग्निशामकावर मापक नसतो. त्याचे वजनच करावे लागते आणि वायूच्या भारात दहा टक्क्यांहून अधिक घट आढळल्यास तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. तोटीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असणे ही ग्रामीण भागातील हमखास गोष्ट आहे. विद्युत् उपकरणांच्या आगीवर पाण्याचा अग्निशामक वापरू नये. पुडी, पाणी व फेस यांच्या अग्निशामकांची द्रवीय दाब चाचणी दर तीन वर्षांनी व कार्बन डाय-ऑक्साइडच्या अग्निशामकांची पाच वर्षांनी करण्याची भारतीय मानकातील (आयएस २१९०) पद्धत आहे. [⟶ अग्निशामक].

पाण्याच्या व्यवस्थेतील दोष बहुतांशी निष्काळजीपणाचे असतात : टाकी रिकामी, मुख्य झडप बंद, पंपाची कळ ‘स्वयंचलित’ऐवजी ‘हस्तचालित’वर, डीझेल पंपाची बॅटरी उतरलेली, नळीच्या जोडातील रबरी चकती नाहीशी. महिन्यातून एकदा सर्वांत दूरच्या नळाला नळी जोडून पाणी सोडून पाहिल्यास हे सर्व एकदमच उघडकीस येतात.

तपासणीचा काळ : ६ डिसेंबर २००८ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने बसविलेली साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. मुंबई-पुण्याच्या इमारतींना हे महिने सोयीचे असतील. एटापल्लीत जुलै हा रस्ते बंद पडण्याचा काळ. शिवाय जानेवारीत स्वच्छ केलेला सूचक मार्चच्या धुराळ्यानंतर तसाच राहतो. तेव्हा प्रमाणपत्राच्या तपासण्यांखेरीज वणव्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी फेब्रुवारीत आणि पाऊस लागण्यापूर्वी मेअखेरीस एकेक तपासणी तेथल्या तेथेच करणे हितावह होय. तिला तंत्रज्ञ लागत नाही. शिडी, ब्रश, वजनकाटा, व्होल्टमापक आणि नोंदवही एवढ्यावर ती होते. नोंदवहीत कोणता विभाग कोणी, केव्हा व कशासाठी बंद केला आणि पुन्हा केव्हा चालू केला, हे लिहिले जावे. रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाला पॅनेलवरील दिव्यांचा अर्थ मराठीत लिहून तो पॅनेलशेजारी लावलेला असावा, आणि बाहेर पडण्याच्या दाराची किल्ली त्या दाराजवळच असावी.