चष्म्याची फ्रेम आणि डोक्याची हालचाल
लेखमाला : यंत्रे आणि इंद्रिये – लेखांक ६

गोंदिया शहराजवळील बिरसी विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला. आज तेथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई ही सिम्युलेटर बनवणारी कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. तेथील विद्यार्थी डायमंड डीए-४० आणि डीए-४२ या विमानांवर उड्डाण शिकतात. विमानात बसण्याआधीचा सराव ज्यावर होतो, त्या रूढ सिम्युलेटरमध्ये कॉकपिट खरे आणि खिडकीबाहेरचे दृश्य तेवढे पडद्यावरचे असल्यामुळे विद्यार्थ्याला चष्मा असला तरी काही बिघडत नाही. वैमानिकांच्या वैद्यकीय नियमांतही दृष्टी चष्म्याने पुरेशी सुधारत असेल आणि जादा चष्मा जवळ बाळगला जात असेल, तर चष्म्याला मज्जाव नाही. हाच सराव पडद्यावरून डोक्यावर चढवायच्या हेडसेटमध्ये गेला, की चष्मा अडचणीचा ठरू लागतो. युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने 2021 मध्ये रॉबिन्सन आर-२२ या हेलिकॉप्टरच्या, आभासी वास्तवावर चालणाऱ्या स्विस सिम्युलेटरला मान्यता दिली आणि 2024 मध्ये खुद्द सीएईने ॲपल व्हिजन प्रोसाठी वैमानिक-प्रशिक्षणाचे ॲप जाहीर केले. त्यामुळे हेडसेटची तुलना केवळ खेळ खेळणाऱ्यांपुरती उरलेली नाही.

पडदा डोळ्यापासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असताना दूरच्या नंबराचा चष्मा कशाला हवा, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर भिंगात आहे. हेडसेटमधील भिंग पडद्यावरील चित्राची प्रतिमा साधारणपणे एक ते दोन मीटर अंतरावर असल्यासारखी तयार करते आणि डोळ्याला त्या अंतरावरच नजर स्थिर करावी लागते. म्हणून ज्यांना केवळ चाळिशी लागली आहे, त्यांना हेडसेटमध्ये बहुधा चष्म्याची गरज पडत नाही. याउलट उणे तीन नंबर असलेल्या व्यक्तीला सुमारे 33 सेंटिमीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नसल्याने तिला चष्मा काढून चालत नाही. उणे पाऊण नंबरवाल्याचे मात्र पुष्कळदा चष्म्यावाचून भागते.

चष्म्यासाठी जागा करायची म्हणजे भिंग डोळ्यापासून दूर न्यायचे, आणि भिंग दूर गेले की दृश्याचा विस्तार आक्रसतो. हा व्यवहार कोणत्याही कंपनीला चुकलेला नाही. मेटाच्या क्वेस्ट-२ मध्ये (503 ग्रॅम) त्यासाठी प्लॅस्टिकची एक वेगळी चौकट बसवावी लागे, तर 2023 च्या क्वेस्ट-३ मध्ये (515 ग्रॅम) चेहऱ्याला टेकणारा भागच चार टप्प्यांत पुढेमागे होतो. बाहुल्यांमधील अंतराशी भिंगे जुळवण्याच्या बाबतीतही हा फरक दिसतो : क्वेस्ट-२ मध्ये 58, 63 आणि 68 मिलिमीटर असे तीनच खाचे होते, क्वेस्ट-३ मध्ये चक्री फिरवून 53 ते 75 मिलिमीटरपर्यंत हवे ते अंतर साधता येते. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर-२ 560 ग्रॅमचा, म्हणजे या दोहोंपेक्षा जड. परंतु त्याचा भार गालांवर न येता कपाळाला वेढणाऱ्या कड्यावर येतो आणि भिंगांचा भाग पुढे सरकवता येतो, त्यामुळे चष्मेवाल्यांना तो अधिक सुखाचा वाटतो. वजनाचा आकडा पाहून हेडसेट निवडणारे इथेच फसतात. व्हिजन प्रोमध्ये चष्मा घालताच येत नाही. प्रत्येकाला आपल्या नंबराची झाइसची भिंगे आत बसवून घ्यावी लागतात. एकट्याच्या वापरासाठी ही सोय उत्तम आहे, पण जिथे एकच हेडसेट दिवसभरात अनेक विद्यार्थी आळीपाळीने वापरणार, तिथे ती डोकेदुखी ठरते. एचटीसीच्या एक्सआर एलिटमध्ये उणे सहापर्यंतचा नंबर चक्रीने लावता येतो; मात्र तिरक्या, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरावर तो इलाज नव्हे.

चष्मा आत राहणारच असेल तर फ्रेमची रुंदी आधी पट्टीने मोजावी. क्वेस्ट-२ साठी ती 142 मिलिमीटरच्या आत असावी असे सांगितले जाई. हेडसेट घालताना आधी पुढचा भाग चेहऱ्यावर टेकवावा आणि मग पट्टा मागे ओढावा. काढताना पट्टा आधी सोडावा. नाहीतर काड्या फोममध्ये अडकून चष्मा हेडसेटबरोबर निघतो आणि काच भिंगावर घासून कायमचा ओरखडा उमटतो. गोंदियाच्या पावसाळी दमटपणात काचांवर वाफ धरते, ती निराळीच.

दुसरा प्रश्न हालचालीच्या मापनाचा. मान वळवणे, वरखाली करणे आणि कलवणे या तीन हालचाली ओळखणारा हेडसेट दृश्य फिरवू शकतो. पण वैमानिक उपकरणाकडे वाकून पाहतो तेव्हा डोके जागाही बदलते, आणि तेवढ्यासाठी पुढेमागे, डावीउजवीकडे व वरखाली सरकण्याचीही नोंद व्हावी लागते. हेडसेटमधील जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर हे संवेदक अत्यंत जलद असले, तरी प्रवेगावरून स्थान काढताना क्षुल्लक चुका साठत जातात आणि दृश्य हळूहळू वाहू लागते. हे वाहणे थोपवण्याचे दोन मार्ग आहेत. व्हॉल्व्ह इंडेक्ससारख्या हेडसेटसाठी खोलीत बसवलेली पेटीवजा उपकरणे अवरक्त किरणांचा झोत फिरवत राहतात आणि हेडसेटवरील संवेदक त्यावरून आपले स्थान ठरवतात. क्वेस्ट किंवा व्हीआर-२ मध्ये हेडसेटवरचेच कॅमेरे भोवतालच्या खुणा टिपतात. कॅमेऱ्यांची पद्धत सुटसुटीत आहे, परंतु अंधारात किंवा कोऱ्या पांढऱ्या भिंतींपुढे ती गोंधळते. उन्हाविषयी वेगळी खबरदारी लागते : खिडकीपाशी ठेवलेल्या हेडसेटच्या भिंगांतून ऊन आत शिरले की ते एका बिंदूवर एकवटून पडदा जळतो, आणि विदर्भातल्या वैशाखात त्याला वेळ लागत नाही.

खरी कसोटी लागते ती हलत्या चौथऱ्यावर. विमानाचा कल जाणवावा म्हणून कॉकपिटच यंत्राने हलवले जाते, तेव्हा संवेदकांना चौथऱ्याची हालचालही डोक्याचीच वाटते, तर कॅमेऱ्यांना सोबत हलणारे कॉकपिट जागच्या जागी दिसते. एकाच हेडसेटमधील दोन साक्षी परस्परविरोधी होतात, दृश्य थरथरते, आणि डोळा व अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय यांच्या नोंदी न जुळल्याने विद्यार्थ्याला मळमळू लागते. उपाय असा, की चौथऱ्यावर एक स्वतंत्र संवेदक घट्ट बसवून त्याची हालचाल हेडसेटच्या हालचालीतून वजा करायची. प्रवासी विमानात वापरण्यासाठी व्हिजन प्रो आणि क्वेस्टमध्ये दिलेला प्रवासी मोड हा याच अडचणीवरचा सौम्य तोडगा आहे. सतत कलणाऱ्या चौथऱ्याला तो पुरेल अशी अपेक्षा धरू नये. कॉकपिट स्थिर असेल तर कॅमेऱ्यांचा साधा हेडसेट पुरतो, आणि तेव्हा निवड पुन्हा चष्म्याच्या सोयीवर येऊन ठेपते.