परिचारिकेची नोंदवही आणि आरोग्याचे धोरण

तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार असून, तीपैकी सुमारे चार-पंचमांश लोक खेड्यांत राहतात. या जनतेसाठी आरोग्यसेवेचे पहिले दार म्हणजे उपकेंद्र. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे शासनाचे प्रमाण आहे. तेथील आरोग्यसेविका, म्हणजेच गावाची नर्सबाई, गरोदर मातांची तपासणी, बालकांचे लसीकरण व साथरोगांवरील देखरेख ही कामे पार पाडते. गावाची खरी स्थिती तिच्या नोंदवहीत उमटते. ही नोंद धोरण ठरविणाऱ्यांपर्यंत पोहोचते किंवा नाही, यावर ग्रामीण आरोग्याचे बरेचसे यश अवलंबून आहे.

स्थलांतराचा प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जातात. गावी नाव नोंदविलेल्या गरोदर स्त्रीचे शेवटचे महिने मग कारखान्याच्या परिसरातील कोपीत जातात. बाळाच्या लसीची तारीख उलटून जाते. गावच्या नोंदवहीत ती माता गैरहजर ठरते आणि कारखान्याजवळच्या उपकेंद्रास ती अनोळखी असते.

ऊसतोडीची उचल 'कोयत्या'मागे, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीमागे दिली जाते. त्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो आणि कोवळ्या वयातील बाळंतपणाची जोखीम अखेर नर्सबाईच्याच दारी येते. आरोग्याचा प्रश्न येथे सामाजिक धोरणाशी जोडला जातो. गाव सोडण्यापूर्वी तपासणी, मातेजवळ माता-बाल संरक्षण कार्ड आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रास आगाऊ सूचना, हे उपाय अनुभवी परिचारिकेला सहज सुचण्याजोगे आहेत. मात्र ते एका गावापुरते न राहता सर्वत्र लागू व्हावयाचे तर त्यांना नियमाचे व निधीचे बळ हवे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना हाती घेतली. तिच्या पहिल्या टप्प्यात जालना जिल्ह्याचाही समावेश होता. मुलगी शाळेत टिकली की तिचे लग्न लांबते, हा तिचा आरोग्यदृष्ट्या मोठा लाभ होय.

इतिहासाची साक्ष

परिचारिकांनी धोरणास वळण लावल्याची उदाहरणे आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मृत्यूंचे आकडे मांडून लष्करी रुग्णालयांत सुधारणा घडवून आणल्या आणि भारतातील ग्रामस्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. १९४६ च्या भोर समितीस भारतात ४३ हजार लोकांमागे एकच परिचारिका आढळली. इंग्लंडमध्ये हे प्रमाण ३०० लोकांमागे एक असे होते. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्यानंतरच्या काळात श्रीमती तेहमिना अद्रनवाला यांनी केंद्र शासनाच्या परिचर्या सल्लागार म्हणून काम पाहिले. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनुसार सहायक परिचारिका प्रसविकेला बहुउद्देशीय आरोग्यसेविकेचे स्वरूप आले. आजचे उपकेंद्र याच विचारातून घडले आहे.

गावापासून मंत्रालयापर्यंत

नोंदवहीतील अनुभव वर पोहोचण्यासाठी पायऱ्या उपलब्ध आहेत. आरोग्यसेविका ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत काम करते. तिच्या कामावर आरोग्य सहायिका देखरेख ठेवते, तर जिल्हा परिषदेत जिल्हा सार्वजनिक आरोग्य परिचारिका असते. जिल्ह्याचा आराखडा व अंदाजपत्रक तयार होत असताना या पदांवरील परिचारिकांना आपले म्हणणे आकडेवारीसह मांडता आले पाहिजे. त्यासाठी शुश्रूषेच्या कौशल्याबरोबरच आकडेवारीचा अर्थ लावणे, टिपणी लिहिणे व अंदाजपत्रक वाचणे यांचेही शिक्षण आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका व परिचारक होते. त्यांच्यातून नेतृत्व उभे करण्यावर या अहवालाने भर दिला. भारतात २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. या व्यवस्थेचे खरे मोल मात्र उपकेंद्रात ठरेल. ऊसतोडीस निघालेली माता वाटेत हरवू नये, यासाठी तिला नावाने ओळखणाऱ्या नर्सबाईचे म्हणणे धोरणात उतरले पाहिजे.